पुस्तकाच्या निमित्तानं : बेटावरचं दुकान आणि बेसमेंटमधली खोकी

 

दरवर्षी या पानावर मी तुम्हाला एका पुस्तकाची ओळख करून देते. पुस्तक मराठीच असावं असा हट्ट मी कधी धरला नाही. आपल्यातले बरेच जण आता मराठी वाचण्यापेक्षा ऐकतातच जास्त. (तरुण मंडळींनो, आई-बाबा हा लेख वाचून दाखवत असतील तर मधेच थांबवून शब्दाचा अर्थ विचारायला लाजू नका. त्यांना आवडतं ते.) यंदाचं पुस्तक इंग्रजी आहे, इथल्याच किनाऱ्यावर घडतं, आणि त्याचा नायक अर्धा आपल्याकडचा आहे. पण आधी ते माझ्या हातात कसं आलं ते सांगते.

या उन्हाळ्यात आम्ही मोठं घर विकून लहान घरात जायचं ठरवलं. बेसमेंटमध्ये मराठी पुस्तकांची सहा खोकी होती. तीस वर्षांतल्या भारतवाऱ्यांमधून, चिवडा आणि लोणच्याच्या बरण्यांच्या मधे बसवून, बॅगेचं वजन एका किलोनं जास्त भरलं की विमानतळावरच हँडबॅगेत कोंबून आणलेली. मुलगी आवराआवरीला आली होती. तिनं एक खोकं उघडलं, पाच-सहा पुस्तकं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "आई, यातली मी कुठली ठेवू?"

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, "सगळीच चांगली आहेत गं."

"सगळी नाही राहणार माझ्या अपार्टमेंटमध्ये. तू सांग ना, कुठली? आणि का?"

'कुठली' चं उत्तर सोपं होतं. 'का' ला मी अडकले. "हे फार गाजलेलं आहे." "याला अकादमीचं पारितोषिक आहे." "हे प्रत्येक मराठी घरात असायलाच हवं." मी असलं काहीतरी बोलत राहिले. मुलगी मराठी छान बोलते, वाचताना मात्र जोडाक्षराला अडखळते. तिनं नम्रपणे मान हलवली आणि खोक्याची झाकणं परत मिटली. ती रागावली नव्हती. तिला उत्तर मिळालं नव्हतं, एवढंच.

त्याच आठवड्यात गावच्या लायब्ररीत 'द स्टोरीड लाइफ ऑफ ए. जे. फिकरी' ही गॅब्रिएल झेविन या लेखिकेची कादंबरी हाती लागली. 2014 सालची. झेविनचं नाव तरुण मंडळींना 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' मुळे माहीत असेल, तिची ही आधीची कादंबरी. दोन रात्रींत वाचून झाली. आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं असतं, ते मला त्यात सापडलं.

गोष्ट घडते अ‍ॅलिस आयलंड नावाच्या एका बेटावर. हे बेट काल्पनिक आहे, पण तिथं जाणारी बोट सुटते ती मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस बंदरातून. उन्हाळ्यात केप कॉडला गेलेल्या आणि नॅन्टकेटच्या फेरीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या मंडळींना सगळं चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड, आणि हिवाळ्यात सगळे एकमेकांना ओळखतात असं उरलेलं चिमुकलं गाव. गावात मोबी डिकमधल्या जहाजाचं नाव लावलेलं एक रेस्टॉरंट आहे, एक पोलीस चौकी आहे आणि पुस्तकांचं एकच दुकान आहे.

हे दुकान ए. जे. फिकरीचं. वय चाळिशीच्या आसपास, अर्धा भारतीय वंशाचा. फिकरी हे आडनाव काही आपल्या ओळखीचं नाही, पण मराठी कानाला त्यात 'फिकीर' ऐकू येतेच. नावात फिकीर आणि वागण्यात संपूर्ण बेफिकिरी! त्याची बायको मोटार अपघातात गेली आहे. हे बेट तिचं माहेर, दुकान दोघांचं स्वप्न. ती गेल्यावर हा माणूस रोज रात्री फ्रीझरमधलं तयार जेवण आणि दारूची बाटली यांच्या सोबतीनं दिवस ढकलतो आहे. विक्री घसरली आहे, आणि गिऱ्हाइकाशी तो असा बोलतो की ते परत येऊ नये.

पहिल्याच प्रकरणात एका प्रकाशनाची विक्री-प्रतिनिधी अमीलिया बोटीनं बेटावर येते, पुढच्या मोसमाच्या पुस्तकांची यादी घेऊन. फिकरी तिला आपल्याला कुठकुठल्या प्रकारची पुस्तकं आवडत नाहीत याची लांबलचक यादी ऐकवतो. इतकी लांब, की मग या माणसाला आवडतं तरी काय असा प्रश्न पडावा. बिचारी तरीही जाताना स्वतःचं लाडकं पुस्तक त्याच्यासाठी ठेवून जाते. एका म्हाताऱ्या विधुरानं उतारवयातल्या प्रेमाबद्दल लिहिलेलं. ते कितीतरी दिवस तसंच पडून राहतं. तो ते केव्हा उघडतो आणि उघडल्यावर काय होतं, तोच या कादंबरीतल्या प्रेमकथेचा धागा. घाई नाही, गाणी नाहीत. दोन वाचणारी माणसं एकमेकांना पुस्तकं सुचवत सुचवत जवळ येतात.

आता रहस्य. फिकरीकडे एकच मौल्यवान वस्तू आहे: 'टॅमरलेन' ची एक प्रत. टॅमरलेन म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला तैमूरलंग. एडगर अ‍ॅलन पो यानं 1827 साली, अठराव्या वर्षी, बॉस्टनमध्ये ही कवितांची पुस्तिका छापून घेतली. तिच्यावर कवीचं नाव नाही, 'बॉस्टनचा एक रहिवासी' एवढीच ओळख आहे. सुमारे 50 प्रती निघाल्या असाव्यात असं मानतात, त्यातल्या डझनभरच उरल्या आहेत. हा भाग लेखिकेच्या कल्पनेतला नाही बरं का. 1988 साली न्यू हॅम्पशरमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात एका माणसाला ही पुस्तिका 15 डॉलरला मिळाली, आणि लिलावात तिचे 1 लाख 98 हजार डॉलर आले. 2009 मध्ये दुसऱ्या एका प्रतीला 6 लाख 62 हजार 500 डॉलर मिळाले. फिकरीच्या दृष्टीनं ही पुस्तिका म्हणजे पेन्शन. ती विकायची, दुकानाला कुलूप लावायचं आणि सुटायचं. एका रात्री तो भरपूर पितो, सकाळी उठून पाहतो तर पुस्तिका गायब.

चोर कोण? सांगणार नाही. पण चोरीमुळे एक गंमत होते. घरात चोरण्यासारखं काही उरलंच नाही म्हटल्यावर फिकरी दाराला कुलूप लावणं सोडून देतो. आणि त्या उघड्या दारातून काही दिवसांनी कुणीतरी आत येऊन दोन वर्षांच्या एका मुलीला पुस्तकांच्या मधोमध ठेवून जातं. सोबत आईची चिठ्ठी. मुलीचं नाव माया. तिनं पुस्तकं असलेल्या जागी, पुस्तकांवर जीव असलेल्या माणसांत वाढावं, एवढीच त्या आईची इच्छा. मुलांची पुस्तकंसुद्धा नको म्हणणाऱ्या माणसाच्या दुकानात आता एक मूल बसलेलं आहे! सरकारी माणूस सोमवारशिवाय बेटावर येऊ शकत नाही, म्हणून 'दोन दिवसांपुरती' तो तिला ठेवून घेतो. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

मला सगळ्यात आवडली ती मात्र तिसरीच गोष्ट, मैत्रीची. लँबियास हा बेटावरचा पोलीस प्रमुख. चोरीची तक्रार नोंदवून घेणारा, पुस्तकांशी काडीचा संबंध नसलेला. मायाचं बरं चाललंय ना हे पाहायला तो अधूनमधून दुकानात डोकावतो. नुसतं उभं राहणं त्याला बरं दिसत नाही, म्हणून दर वेळी एखादं पुस्तक घेतो. घेतलंच आहे म्हणून वाचतो. सुरुवात अर्थातच पोलिसी कथांपासून, आणि त्यात पोलिसांचं काय काय चुकीचं दाखवलंय यावर फिकरीशी वाद. होता होता हा गृहस्थ पोलिसांचा वाचनकट्टा चालवू लागतो. गावातल्या आयासुद्धा तशाच येतात. एकट्या पुरुषाला मूल काय सांभाळता येणार, म्हणून सल्ले द्यायला येतात आणि पुस्तक घेऊन जातात. कुणी कुणाला 'वाचन किती महत्त्वाचं' हे एकदाही सांगत नाही. सगळे येतात ते त्या मुलीसाठी.

हे वाचताना मला गावाकडचं नगर वाचनालय आठवलं. तुमच्यापैकी अनेकांच्या गावी असेल. रत्नागिरीचं तर 1828 मधलं, म्हणजे पोच्या त्या पुस्तिकेहून फक्त एका वर्षानं लहान! आम्ही तिथं काय साहित्याच्या ओढीनं जात होतो? मैत्रीण जायची म्हणून, पंखा होता म्हणून, दिवाळी अंकांसाठी नंबर लावायचा म्हणून. पुस्तकाचं वेड लागलं ते नंतर, जाता-येता.

आता थोडं खरं खरं बोलू. हे पुस्तक निर्दोष नाही. योगायोग फार आहेत, छोट्या बेटावरसुद्धा इतके धागे एकाच दुकानात येऊन मिळणं जरा जास्तच वाटतं. रहस्याची उकल चाणाक्ष वाचकाला अर्ध्या वाटेतच लागते. काही वळणं इतकी गोड आहेत की चहात साखर घालायची गरज पडू नये. आणि एक गोष्ट मला आपली म्हणून खटकली: फिकरीचं अर्धं भारतीय असणं पुस्तकात जवळजवळ कुठं दिसतच नाही. फ्रीझरमधल्या विंदालूपलीकडे फारसं काही नाही. कुठली भाषा नाही, आजी नाही, आठवण नाही. झेविनची स्वतःची आई कोरियात जन्मलेली, वडील ज्यू वंशाचे अमेरिकन. दोन घरांमधलं वाढणं तिला अनोळखी नसणार. तरी तिनं ते दार उघडलं नाही. 2022 मध्ये यावर चित्रपट निघाला, त्यात फिकरी झालाय कुणाल नय्यर, 'बिग बँग थिअरी' मधला आपला राज. चित्रपट पाहायचा असेल तर जरूर पाहा, पण पुस्तक आधी वाचा. कारण आता जे सांगणार आहे, त्याची खरी मजा कागदावरच आहे.

या कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणाआधी फिकरीनं लिहिलेली एक छोटी टिपणी आहे. दर वेळी एक लघुकथा, कधी रोआल्ड डालची, कधी मार्क ट्वेनची, कधी फ्लॅनरी ओकॉनरची. टिपणी मायासाठी आहे. फिकरी एके काळचा साहित्याचा संशोधक, पो हाच त्याच्या अभ्यासाचा विषय. पण या टिपण्यांत विद्वत्ता औषधालाही नाही. ही गोष्ट मी वाचली तेव्हा मी कोण होतो, ती मला पहिल्यांदा का आवडली नाही, नंतर का आवडली, तुला ती कधी उपयोगी पडेल, असं तो लिहितो. ब्रेट हार्ट याची 1868 मधली एक कथा आहे, खाणकामगारांच्या रांगड्या वस्तीत एक अनाथ बाळ येतं आणि वस्ती बदलून जाते. ही कथा फिकरीच्या यादीत का आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. तो या टिपण्या का लिहितोय, तेही शेवटाकडे कळतं. तिथं मात्र रुमाल जवळ ठेवा.

तर मंडळी, माझ्या मुलीनं जे मागितलं होतं ते हे होतं. तिला पुस्तकाची थोरवी नको होती, ती समीक्षकांनी सांगून झाली आहे. तिला तिची आई हवी होती, त्या पुस्तकासकट.

आपण पहिल्या पिढीतले लोक एक चूक हमखास करतो. आपण मुलांना वारसा म्हणून खोकं देतो. 'संस्कृती', 'मातृभाषा', 'अभिजात' अशी जड चिठ्ठी वर चिकटवलेली असते. मूल आदरानं खोकं घेतं आणि आदरानंच बेसमेंटमध्ये ठेवतं. मग आपण म्हणतो, यांना मराठीची गोडी नाही. गोडी कुठून असणार? आपण त्यांना कधी सांगितलंच नाही की हे पुस्तक मी इथल्या पहिल्या हिवाळ्यात, गाडी चालवता येत नव्हती तेव्हा, खिडकीशी बसून तीनदा वाचलं.

मी दोन टिपण्या लिहून पाहिल्या. नमुना म्हणून थोडक्यात सांगते.

पहिली, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' मधल्या 'झेल्या' वर. पुस्तक 1949 चं. खेड्यातल्या शाळेतला एक उनाड पोरगा आणि त्याचे मास्तर, यांच्यातल्या जिव्हाळ्याची कथा. मी मुलीला लिहिलं: 'तुला दुसरीत शाळा आवडत नव्हती, रोज सकाळी पोटात दुखायचं. मग त्या लाल स्वेटरवाल्या बाईंनी तुला माशांच्या टाकीत खाऊ टाकायचं काम दिलं आणि दुखणं थांबलं. त्या दिवशी घरी येऊन मी ही कथा काढून वाचली होती. तुझ्या बाईंना सांगायचं होतं, पण माझं इंग्रजी तेव्हा तेवढं नव्हतं.'

दुसरी, दि. बा. मोकाशींच्या 'आता अमोद सुनासि आले' वर. पावसाळ्यातलं खेडं. तरुण मुलगा गेल्यामुळे कोलमडून गेलेला एक लोहार, आणि अडलेल्या गाईला सोडवायला त्यालाच आलेलं बोलावणं. सुमित्रा भावे यांनी यावरच 'दिठी' हा चित्रपट केला, 2021 मध्ये तो आला. वाचता येत नसेल त्यांनी तो पाहावा. दुःखानं दार लावून बसलेला माणूस एका नव्या जिवामुळे कसा परत माणसांत येतो, हे तुम्हाला फिकरी आवडला असेल तर ओळखीचं वाटेल. इथं मी लिहिलं: 'तुझे आजोबा गेले तेव्हा मला तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी इथंच होते, तुला डबा करून देत होते. त्या महिन्यात मला कुणाशी बोलवत नव्हतं. ही कथा मी रात्री स्वयंपाकघरात बसून वाचली. तुला ते माहीत नाही, कारण तू झोपली होतीस.'

दुसरी टिपणी लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. साहित्याबद्दल लिहिणं सोपं होतं, हे नव्हतं. आणि मला कळलं, त्या दिवशी बेसमेंटमध्ये 'का' चं उत्तर मला येत नव्हतं असं नाही. ते देण्याचा संकोच होता, म्हणून मी पारितोषिकांच्या आड लपले.

आता तुमचं काम. यंदा घर आवराल तेव्हा सगळं खोकं देऊ नका. एक पुस्तक काढा. एका पानावर लिहा: हे मी कधी वाचलं, कुठं बसून, तेव्हा काय चाललं होतं आयुष्यात. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, नाहीतर आपण घरी बोलतो तशा मिसळीत लिहा. अक्षर चांगलं नसेल तर फोनवर बोलून ठेवा. कान धरून 'वाच' म्हणू नका. पान पुस्तकात ठेवा आणि पुस्तक द्या.

आणि इथं वाढलेल्या मंडळींनो, तुम्हालाही एक काम. तुम्ही उलट दिशेनं लिहू शकता. तुमच्या आईला किंवा बाबांना तुमचं एखादं आवडतं पुस्तक द्या, आत एक पान ठेवून. आम्ही अमीलियाच्या पुस्तकासारखं ते काही दिवस टेबलावर पडू देऊ, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एका रात्री उघडू.

माझ्या मुलीनं सहा खोक्यांतली दोन पुस्तकं नेली. बाकीची आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात चहाच्या टेबलाशेजारी ठेवणार आहे, हवी ती घेऊन जा. दोन्ही टिपण्या मी तिच्या पुस्तकांत ठेवल्या होत्या, सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी तिचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आई, माशांच्या टाकीचं मला आठवत होतं. पण बाईंचा स्वेटर लाल नव्हता, हिरवा होता."

म्हटलं, "बरं. मग तू लिही तसं, त्याच पानावर, खाली."

"लिहिलंय," ती म्हणाली. "आणि 'उनाड' म्हणजे काय गं?"